लोहस्तंभाचा गंज आणि नळाचे पाणी

दिल्लीत कुतुबमिनाराच्या आवारात सुमारे ७ मीटर उंचीचा आणि ६ टनांहून अधिक वजनाचा लोहस्तंभ उभा आहे. गुप्तकाळात, सुमारे १६०० वर्षांपूर्वी तो घडवला गेला. तो गंजत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. स्तंभ गंजला आहे. मात्र त्या गंजानेच त्याला राखले आहे.

आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २०००च्या सुमारास याची कारणमीमांसा मांडली. प्राचीन भट्टीत चुनखडी वापरत नसल्याने फॉस्फरस लोखंडातच राहिला. स्तंभात त्याचे प्रमाण सुमारे ०.२५ टक्के आहे. ओल आणि कोरडेपणा यांच्या आवर्तनांतून पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा घट्ट थर तयार झाला.

जलवाहिन्यांचे रक्षणही अशाच थरावर अवलंबून असते. फरक इतकाच, की तेथे फॉस्फेट धातूतून नव्हे, तर पाण्यातून येते. त्यापूर्वीचा उपाय कॅल्शियम कार्बोनेटच्या थराचा होता. पाणी तो थर बसवील की विरघळवील, हे जोखणारा निर्देशांक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये दिला.

अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये नदीचे पाणी घेतले, पण त्यात गंजरोधक मिसळले नाही. नळांतील थर सुटला आणि शिसे मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचले.

म्हणूनच लहान वस्तीनेही पाण्याचा स्रोत बदलण्यापूर्वी त्याचा सामू आणि अल्कता तपासायला हवी. नळाच्या आतला थर दिसत नाही. तो गेल्याचे मात्र पिणाऱ्याच्या शरीरात दिसते.