तंजावरचा संगीतसंग्रह

परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी हें नरसिंहाचें क्षेत्र. आपली कीर्तनपरंपरा वाढली ती अशाच लहानमोठ्या देवस्थानांच्या आश्रयानें. जुन्या कीर्तनकाराच्या बाडांत पदांचे शब्द असत, माथ्यावर रागाचें व तालाचें नांव असे. चाल मात्र कागदावर नसे. ती गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कंठांत उतरे. मधला एक कंठ मुका झाला कीं बाड राही आणि गाणें जाई. आपल्या जुन्या संगीताचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास पावलोपावलीं हीच अडचण येते.

या अडचणीचा विचार एका मराठी राजकुलानें फार पूर्वीं केला होता, परंतु तें कुल महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर होतें. पोखर्णीस ज्या नरसिंहाची पूजा होते, त्याच्याच अवताराची कथा कावेरीतीरावर तंजावरनजीकच्या मेलत्तूर गांवीं भागवतमेळ्यांत नाट्यरूपानें सादर होते. त्या प्रदेशावर व्यंकोजीराजांच्या वंशजांनीं १८५५ पर्यंत राज्य केलें. व्यंकोजीचा पुत्र शहाजी (१६८४-१७१२) याच्या दरबारीं रागांचीं लक्षणें आणि त्यांना आधारभूत अशीं गीतप्रबंधांचीं स्वरलेखनें तेलुगु लिपींत उतरविलीं गेलीं. त्याचा धाकटा बंधु तुळजाजी (१७२८-१७३६) यानें ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत तो केवळ पूर्वसूरींच्या श्लोकांवर विसंबत नाहीं. प्रत्यक्ष गायिल्या जाणाऱ्या रचनांतील स्वरावली पुराव्यादाखल देतो. शास्त्राला प्रयोगाची साक्ष काढण्याची ही दृष्टि आम्हांस विशेष मोलाची वाटते.

या कुलांतील खरा संग्राहक म्हणजे सरफोजी (१७९८-१८३२). श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं त्याचें शिक्षण झालें. १७९९ च्या तहानें राज्यकारभार इंग्रजांच्या हातीं गेला, आणि मोकळा झालेला वेळ व पैसा त्यानें विद्येकडे लावला. सरस्वतीमहाल ग्रंथालय आज प्रसिद्ध आहे तें मुख्यतः त्याच्या संग्रहामुळें. त्याच्या पदरीं पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, आणि त्याच्या संग्रहांत पांच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपींतील छापील व हस्तलिखित वह्या होत्या. त्याच वेळीं नृत्यासाठीं अठरा अंगांचीं मराठी निरूपणें तंजावरीं रचलीं जात होतीं. तीं ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नांवानें ग्रंथालयानें पुढें छापूनही काढलीं. सरफोजीच्याच नांवावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकांत तर भूगोलाची माहिती गाण्यांतून सांगितली आहे.

हा संग्रह टिकला, यांत सुदैवाचा भाग मोठा आहे. १८५५ त सरफोजीचा पुत्र शिवाजी निपुत्रिक वारला आणि कंपनीनें वाड्यांतील चीजवस्तूसकट सर्व मिळकत ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाईनें दावा लावला. तो प्रिव्ही कौन्सिलांत १८५९ सालीं फेटाळला गेला. तरीही १८६२ त सरकारनें खासगी मिळकत कुटुंबास परत दिली, आणि १९१८ सालीं ग्रंथालय सार्वजनिक झालें. लिलांवांत हीं पुस्तकें फुटलीं असतीं, तर आज त्यांचा मागही लागला नसता.

यावर कोणी म्हणेल कीं, स्वर लिहिला म्हणजे गाणें राहिलें काय? मींड, गमक, श्वासाची जागा हीं कोणत्या लिपींत उतरतात? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. चिठ्ठींत माणसाचा आवाज येत नाहीं, म्हणून आपण पत्रें जाळीत नाहीं. स्वरलेखन हें गाण्याचें चित्र नव्हे. तो गाण्याच्या घराचा पत्ता आहे. पत्त्याशेजारीं घरधन्याचें नांवही लागतें, आणि तें मिळतें दप्तरांत. तंजावरच्या मोडी दप्तरांत गवई, नर्तकी, वाजंत्री यांच्या नेमणुका व वेतनें नोंदलेलीं आहेत. कोणीं गाइलें, कोणीं वाजविलें, काय मिळालें, हें त्या रुक्ष हिशेबांतूनच कळतें. शब्द, स्वर आणि माणूस असे तिन्ही कागद जेथें शेजारीं शेजारीं राहिले, तेथेंच संगीताचा इतिहास लिहितां येतो. तंजावरास ते राहिले आहेत.

परंतु ते वाचणार कोण? निरूपणें मराठींत, जुनीं स्वरलेखनें तेलुगु लिपींत, बँडच्या वह्या पाश्चात्त्य स्वरलिपींत आणि हिशेब मोडींत. एक जाणणारा दुसरें जाणत नाहीं. तमिळ विद्यापीठानें १९८९ सालीं मोडी कागदांचें तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केलें. आपल्या पूर्वजांनीं मराठींत लिहिलेलें परभाषेंतून वाचावें लागावें, याचा दोष तमिळ विद्वानांकडे नाहीं. त्यांनीं आपलें काम केलें. काम राहिलें आहे तें आपलें.

आमच्या मतें त्याचा आरंभ तंजावरास जाऊन करावयास नको. मराठी घराघरांतील माळ्यांवर पदांचीं बाडें, गायनमास्तरांच्या वह्या, बुवांचीं पत्रें अजून पडलेलीं आहेत. तीं रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांतील एक पद तरी ज्याला चालीवर येतें अशा वृद्धास शोधावें, चाल उतरून घ्यावी आणि खालीं त्याचें नांव लिहावें. सरफोजीस त्यासाठीं ग्रंथालय उभारावें लागलें. आपणांस एक वही पुरेल.