एकवीस फूट आणि दीड मिलियन डॉलर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही सिएटलहून आरव्ही भाड्याने घेऊन मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. मी पडले सीए. भाडं, मैल, जनरेटरचे तास, डिपॉझिट, सगळं एक्सेलमध्ये टाकलेलं. फक्त एक आकडा बघायचा राहिला. आमची आरव्ही २५ फुटांची होती, आणि पार्कच्या मधून जाणाऱ्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही.

नवरा एक शब्द बोलला नाही. ते जास्त लागतं.

मुळात हा रस्ता १९२१ ते १९३२ या काळात बांधला गेला. लांबी सुमारे ८० किलोमीटर. आधीच्या आराखड्यात खिंडीकडे चढायला १५ वळणं होती. थॉमस विंट नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टने सांगितलं की असं केलं तर डोंगराची रयाच जाईल. मग एकच मोठं वळण ठेवून बाकी रस्ता कड्यातून कोरत ६,६४६ फुटांवरच्या लोगन पासला नेला. काम करताना तीन मजूर गेले. तेव्हाच्या मोटारींच्या मापाने कोरलेला रस्ता तो, त्यात आमचं घर कुठून मावणार?

म्हणून वळसा घातला. हायवे २ ने मारियास पास ओलांडला, ब्राउनिंग गाव लागलं, तिथून उत्तरेला सेंट मेरी. आता वाटतं, बरं झालं चुकले. सरळ गेलो असतो तर फक्त डोंगर दिसले असते.

ब्राउनिंग हे ब्लॅकफीट लोकांच्या रिझर्वेशनचं मुख्य गाव. तिथे १९४१ पासूनचं 'म्युझियम ऑफ द प्लेन्स इंडियन' आहे. दुसऱ्या दिवशी आरव्ही कॅम्पग्राउंडवर ठेवली आणि ब्लॅकफीट गाइडबरोबर बसने लोगन पासला गेलो. गाइड जाता जाता सहज म्हणाले, "पार्कचा हा पूर्वेकडचा अर्धा भाग आमचा होता. १८९५ मध्ये गेला."

लेकीने विचारलं, "विकला की घेतला?" ते हसले आणि म्हणाले, "करार वाच."

आता सीए बाईला कोणी 'करार वाच' म्हटलं तर ती झोपेल का? रात्री आरव्हीतल्या टेबलावर फोन घेऊन बसले.

आधी पार्श्वभूमी. १८८० च्या सुमारास या भागातले बायसन संपले. ज्या जनावरावर खाणं, कपडे, तंबू सगळं अवलंबून, तेच गेलं. सरकारी शिधा अपुरा पडला आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात शेकडो ब्लॅकफीट उपासमारीने मेले. पुढे १८८८ मध्ये मंजूर झालेल्या एका कराराने त्यांनी फार मोठा प्रदेश सोडला, बदल्यात दहा वर्षं दरवर्षी दीड लाख डॉलर. ती दहा वर्षं संपत आली होती. म्हणजे १८९५ मध्ये वाटाघाटीला बसलेला पक्ष कॅश फ्लो आटत आलेला होता, आणि समोरच्याला ते पक्कं माहीत होतं. सौदा कसा होणार हे सांगायला सीए लागत नाही.

डोंगरात तांबं-सोनं आहे अशी आवई होती, म्हणून सरकारला तो पट्टा हवा होता. ब्लॅकफीट प्रमुखांनी ३ मिलियन मागितले. सरकारने १ मिलियनपासून सुरुवात केली. शेवटी दीड मिलियनवर मिटलं. जमीन सुमारे ८ लाख एकर. भागाकार करा: एकरी १ डॉलर ८७ सेंट. तेही एकरकमी नाही, दहा हप्त्यांत. आणि हातात रोख नाही, तर सरकारच गुरं, अवजारं, कपडे, शिधा यावर खर्च करणार.

सरकारच्या तीन प्रतिनिधींपैकी एक जॉर्ज बर्ड ग्रिनेल. निसर्गप्रेमी, संपादक, ब्लॅकफीटांचा जुना मित्र. तो वाटाघाटीत असावा असं त्यांनीच म्हटलं होतं. पण इथे नॅशनल पार्क व्हावं हा विचार त्याच्या मनात १८९१ पासून होता. मी त्याला खलनायक म्हणणार नाही, अडचणीच्या काळात तो त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. पण ऑडिटच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, आणि तो आधी उघड करायचा असतो.

करारात एक कलम मात्र ब्लॅकफीटांच्या बाजूचं होतं. विकलेल्या जमिनीत जाणं-येणं, घरासाठी आणि कुंपणासाठी लाकूड तोडणं, शिकार, मासेमारी हे हक्क त्यांनी राखून ठेवले. पण ती जमीन अमेरिकेची 'सार्वजनिक जमीन' राहील तोपर्यंतच.

पुढे सोनं-तांबं काही फारसं निघालं नाही. ११ मे १९१० ला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ग्लेशियर नॅशनल पार्कच्या कायद्यावर सही केली. मग सरकारची भूमिका अशी झाली की पार्क म्हणजे आता 'सार्वजनिक जमीन' नव्हे, सबब हक्क संपले. १९३५ मध्ये न्यायालयानेही तेच धरलं.

मी हे मोठ्याने वाचत होते. सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे सातबाऱ्यावर इतर हक्कात नाव होतं, आणि मग तेही कमी केलं."

त्यांच्या माहेरची जमीन धरणात गेलीये. त्यांना कलम समजावून सांगायची गरज नव्हती.

गंमत, म्हणजे वाईट गंमत, पुढे आहे. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या लुई हिलने इथे मोठमोठी हॉटेलं बांधली, ईस्ट ग्लेशियरचं १९१३ मध्ये, मेनी ग्लेशियरचं १९१५ मध्ये. आणि प्रवाशांच्या स्वागताला स्टेशनवर कोण? पारंपरिक पोशाखातले ब्लॅकफीट. शिकारीला बंदी, फोटोला परवानगी.

तरी गोष्ट तिथे संपत नाही. १९७४ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की ब्लॅकफीटांना पार्कमध्ये यायला प्रवेश फी लागू नाही. २०२३ च्या जूनमध्ये जमातीने चीफ माउंटनजवळ बायसन मोकळे सोडले. चीफ माउंटन हा त्यांचा पवित्र डोंगर, पार्क आणि रिझर्वेशनच्या बरोबर सीमेवर. सकाळी तिकडे बघताना धाकट्याने विचारलं, "आजी, त्यांना डोंगर परत मिळेल?" आजी म्हणाल्या, "माहीत नाही रे बाळा. पण विसरले नाहीत ना, ते बघ."

मुलांना शाळेत पार्क म्हणजे जपलेलं, माणसाचा हात न लागलेलं रान असं शिकवतात. जपलंय हे खरं, आणि मला त्याचं कौतुकही आहे. खाणी झाल्या असत्या तर हे हिरवं पाणी आणि बर्फ दिसलाच नसता. पण रान रिकामं नव्हतं, हेही खरं. आपली मुलं या देशाची नागरिक आहेत. जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू त्यांना वाचता यायला हव्यात, फक्त जमेची नव्हे.

तर जाणार असाल तर: आरव्हीची लांबी आधी मोजा, बंपर धरून २१ फूट. मोठी असेल तर हायवे २ ने ब्राउनिंगमार्गे या. तिथे थांबा, पेट्रोल तिथेच भरा, म्युझियम उघडं असेल तर बघा, आणि डोंगर ब्लॅकफीट गाइडबरोबर बघा. मुलांना प्रश्न विचारू द्या.

तुमच्या जवळच्या पार्कची जमीन आधी कोणाची होती, कोणी शोधलंय का? कमेंटमध्ये लिहा. मी वाचणार आहे, आणि सासूबाईंनाही वाचून दाखवणार आहे.