दिनविशेष : ७ ऑगस्ट १९४७ – ‘कॉन-टिकी’ किनाऱ्याला लागला

पेरूच्या काय्याओ बंदरातून निघालेला ‘कॉन-टिकी’ हा तराफा १०१ दिवसांनी आजच्या तारखेला पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या प्रवाळखडकावर आदळला. नॉर्वेचा थोर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती सुखरूप उतरले. दक्षिण अमेरिकेतून माणसे या बेटांवर आली असावीत, हे त्याला दाखवायचे होते; सुमारे ६,९०० किलोमीटरच्या प्रवासाने पटवली ती मात्र जुन्या कारागिरांची अक्कल. बाल्सा लाकडाचे ९ ओंडके, खिळा नाही की तार नाही, सगळी भिस्त दोरखंडांवर. घासून घासून दोर तुटतील, असे जाणकार बजावत होते. झाले भलतेच. लाकूड इतके मऊ, की दोर त्यात रुतून बसले आणि ओंडक्यांनीच ते जपले.

रेडिओ आणि डबाबंद अन्न सोबत असताना हे कसले प्राचीन साहस, हा आक्षेप खोटा नाही. पण रेडिओमुळे ओंडके तरंगत नाहीत. खरा आक्षेप पुढचा आहे. जाता येते म्हणजे कुणी गेलेच होते, असे होत नाही, आणि भाषा व उत्खनने तर पॉलिनेशियनांचे मूळ आशियाकडे दाखवतात. २०२०च्या जनुकीय अभ्यासात इ. स. १२००च्या सुमारास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकी लोकांचा संबंध आल्याचे आढळले, तेव्हा हेयरडालचे चाहते सुखावले असतील. मात्र वाऱ्याविरुद्ध होड्या हाकण्यात तरबेज असलेले पॉलिनेशियन दर्यावर्दीच अमेरिका गाठून परतले असतील, ही शक्यता प्रवाहाबरोबर वाहत आलेल्या तराफ्यापेक्षा जास्त पटण्याजोगी आहे.