साडेसहा इंचांचे भोक आणि वाशीमचा कातळ

वाशीम जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास लिहायचा तर आधी त्याचा कातळ समजून घ्यावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि हा बेसाल्ट झाला. त्यात हा मुलूख पाणलोटाच्या माथ्यावर. उत्तरेचे पाणी पूर्णेमार्गे तापीला जाते, दक्षिणेचे पैनगंगेमार्गे गोदावरीला. वरून वाहत येणारे पाणी जवळजवळ नाही. पडेल आणि मुरेल तेवढेच आपले. ते मुरते मुरुमात, वरच्या झिजलेल्या खडकात आणि भेगांत. त्याखालचा अभंग काळा पाषाण बहुतांशी कोरडा. वाकाटकांच्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीम शहरात, पद्मतीर्थासारखी कुंडे आहेत ती याच उथळ पाण्याच्या भरवशावर.

या कातळात विहीर खणणे म्हणजे पहार, घण आणि सुरुंग, आणि एकेका विहिरीला दोन-तीन उन्हाळे. दोरावर टांगलेली जड छिन्नी आपटून भोक पाडणारी यंत्रे आली, तरी कठीण खडकात दिवसाकाठी मीटर-दोन मीटर सरकणे हीच त्यांची चाल. खरी उलथापालथ केली ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने. आधीच्या हातोड्यांत ठोका वरून बसे आणि लांब दांड्यांतून खाली जाता जाता विरे. इथे हातोडाच भोकाच्या तळाशी, छिन्नीच्या डोक्यावर ठोके घालतो आणि तीच हवा खडकाचा भुगा वर फेकते. छिन्नीला टंगस्टन कार्बाइडची बटणे. आठवड्यांचे काम दिवसावर आले. बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने त्यांची गरज ठळक केली आणि त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.

माझे म्हणणे असे, की या यंत्राने वाशीमला नवे पाणी दिले नाही. आहे त्या पाण्यापर्यंतची वाट तेवढी छोटी केली. कोणी म्हणेल, हा कृतघ्नपणा झाला. आक्षेप बिनबुडाचा नाही. टंचाईत गावाला विहिरीसाठी तीन उन्हाळे थांबा म्हणता येत नाही. शिवाय पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्यातून नारूसारखा रोग पसरे. बंद बोअर आणि हातपंपाने त्यातून सोडवले, आणि त्या पंपाच्या घडणीत जालन्यातल्या व सोलापुरातल्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. पिण्याच्या पाण्यापुरते हे ऋण मी मनापासून मान्य करतो. पण पिण्याचे पाणी हंड्यांत मोजतात, ओलिताचे तासांत. तिथे हिशेब बदलतो. साडेसहा इंच व्यासाच्या, ६० मीटर पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये जेमतेम १,३०० लिटर मावतात. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असले, तरी ते सुमारे ८५ हजार लिटर. बेसाल्टच्या भेगेतून पाणी सावकाश येते. रात्रभर झिरपलेले साठवायला विहिरीला पोट आहे, बोअरला नाही.

दुसरा आक्षेप असा, की मग आणखी खोल जावे. विहीर खणणाऱ्याला तळाशी कोरडा पाषाण लागला की श्रम आणि पैसाच थांबवत. तमिळनाडूच्या तिरुचेंगोडहून आलेल्या बोअरच्या गाडीला तो अडथळा उरत नाही; रात्रीतून शेकडो फूट जाता येते आणि फुटामागे दर लागतो, पाणी लागो वा न लागो. बोअर फेल गेली तर नुकसान शेतकऱ्याचे. कायद्यालाही हा धोका दिसला: महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना वेगळे काढून त्यांच्यावर बंधन घालतो. शेतकऱ्यांनी मात्र आपल्यापुरता वेगळाच मार्ग काढला आहे. हेच हवेवरचे यंत्र जुन्या विहिरीत उतरवून ते बाजूच्या भिंतींत आडवे बोअर मारतात, म्हणजे उभ्या भेगा आडव्या छेदल्या जातात आणि येणारे पाणी विहिरीच्याच पोटात जमते.