राजेवाडी तलाव
राजेवाडी तलाव (म्हसवड तलाव) : सातारा-सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील, म्हसवडजवळ माण नदीवर बांधलेला ब्रिटिशकालीन सिंचन तलाव.

उगम : 1876-77 च्या दुष्काळात हाती घेतलेल्या कामांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मातीचे धरण बांधून याची निर्मिती झाली (पहा : दुष्काळ, माणगंगा). लाभक्षेत्र मुख्यत्वे आटपाडी व सांगोला तालुक्यांत आहे.

वैशिष्ट्ये : प्रदेश पर्जन्यछायेत असून पाऊस अनियमित असतो. त्यामुळे पाणीसाठा वर्षागणिक बदलतो. पाणी ओसरताना उघड्या पडणाऱ्या चिखलात व उथळ पाण्यात शैवाल, कवचधारी सूक्ष्मजीव आणि कीटकांच्या अळ्या वाढतात. हिवाळ्यात येणारा रोहित पक्षी मान खाली वाकवून, चोच उलटी पाण्यात धरून हे अन्न गाळतो (पहा : रोहित, पाणथळ).

अभ्यासपद्धती : पक्षिसंख्या ठरावीक जागांवरून दुर्बिणीने मोजतात. मोठ्या थव्यातील एका भागातील पक्षी मोजून त्यावरून एकूण संख्येचा अंदाज काढतात. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणना 1987 मध्ये सुरू झाली. भारतात तिच्या समन्वयात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (स्थापना 1883) सहभाग असतो. विषशास्त्रीय तपासणीसाठी पाणी, गाळ व मासे यांचे नमुने घेतात. शेतातून वाहून येणारी टिकाऊ कीटकनाशके गाळात साचतात आणि अन्नसाखळीत वरच्या जीवांत त्यांचे प्रमाण वाढत जाते (पहा : जैवविशालन).

महत्त्व : सिंचन, मासेमारी व पाणपक्ष्यांचा अधिवास ही तलावाची प्रमुख अंगे होत. माणदेशातील पाणथळांच्या संवर्धनासाठी अशा नियमित नोंदी आवश्यक आहेत (पहा : मायणी पक्षी अभयारण्य).