कल कोणीकडे?

दिवस कलतो, तराजू कलतो, गाडीत रचलेला कडबा एका अंगाला कलतो. मराठीत माणसाचं मनही कलतं. त्यामुळे राज्य मंडळाने दहावीच्या पोरांचा ओढा मोजायचं ठरवलं, तेव्हा नाव आयतंच हाताशी होतं: कल चाचणी. २०१६ साली ती पहिल्यांदा झाली. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या शाळा लातूर विभागीय मंडळात येतात, तेव्हा तिथली पोरंही संगणकापुढे बसली. पास-नापास काही नाही. हाती आला तो अहवाल: कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा, यांतलं कोणतं क्षेत्र तुमचं.

त्या यादीत गणवेश असावा हे गमतीचं. या चाचण्यांचं कूळच लष्करी आहे.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि छावण्यांत पोरांचे लोंढे आले. यांत स्वयंपाकी कोण, सुतार कोण, मोटार कुणाला खोलता येते? वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाच्या समितीने माणसागणिक एक कार्ड केलं: शिक्षण, आधीचा धंदा, अंगचं कसब. पण ‘येतं’ म्हणणाऱ्या सगळ्यांनाच येत होतं असं नाही. मग धंद्याधंद्याचे तोंडी प्रश्न काढले गेले. पोटासाठी रंधा मारलेला माणूस चटकन उत्तर देई, ऐकीव सुतार तिथेच अडखळे.

त्याच समितीत काम केलेल्या एडवर्ड स्ट्राँगने पुढे कसब बाजूला ठेवलं आणि आवड विचारली. १९२७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून त्याची प्रश्नावली निघाली. एखाद्या पेशात मुरलेल्यांना काय आवडतं, काय नाही, हे आधी टिपायचं. मग नवख्याची उत्तरं कुणाशी जुळतात ते बघायचं. थोडक्यात, पत्रिका जुळवणं, फक्त ग्रहांऐवजी आवडीनिवडी.

भारतीय लष्करात माणूस चाचणीने पारखायची ही विद्या दुसऱ्या महायुद्धात, अधिकारी निवडताना आली. मराठवाड्याला तिची ओळख आहे: औरंगाबादला १९७७ साली सुरू झालेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतली मुलं आजही लष्कराच्या निवड मंडळापुढे जातात. तीस सेकंद एक धूसर चित्र दिसतं, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. गोष्टीतला नायक काय करतो, त्यावरून लिहिणाऱ्याचा स्वभाव वाचतात.

स्ट्राँगच्या युक्तीत एक मेख आहे. आवड सांगायला ती गोष्ट आधी डोळ्यांखालून गेलेली हवी. ज्या पोराने चित्रकाराचा स्टुडिओ पाहिलाच नाही, त्याचा कल तिकडे कलणार कसा? आणि समजा कललाच, अहवालात ‘ललित कला’ उमटलंच, तर तो कागद घरी पोचेस्तोवर डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या लातूरच्या शिकवणीचा पहिला हप्ता भरून झालेला असायचा.