दुखण्याचे नाव

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, दुर्बिणीतून तपासलं. एंडोमेट्रिओसिस निघालं." गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर वगैरे वाढतो. पाळीत असह्य दुखते, कधी मूल राहायला अडचण येते.

मला थोरल्या जाऊबाई आठवल्या. १९७२ साली मी सासरी आले, तेव्हा त्या दर महिन्याला पोट धरून पडायच्या. मूल नव्हते. डॉक्टरकडे कुणी नेले नाही. लोक सरळ 'वांझ' म्हणायचे. त्यांना हेच होते का, आता कसे कळणार?

पण अमेरिकेतल्या आल्बनीच्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी अंडाशयातल्या 'चॉकलेट' गाठींवर १९२१ सालीच लिहिले होते. पुस्तकात आजाराला नाव होते, आमच्या घरात बाईला होते.

भाचीचे उपचार सुरू झालेत. मुलीबाळींनो, दुखणे अंगावर काढू नका.